आंबा घाटातून महिन्याला दोन फेऱ्या: जुनी स्विफ्ट डिझेल घ्यावी की जुनी वॅगनआर पेट्रोल?

ग्रंथपाल, कोल्हापूर

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काम करते. माझी आई, वय ७४, साखरप्याजवळच्या आमच्या मूळ गावी राहते. गाव सोडायला ती तयार नाही आणि तिने ते सोडावे असे मलाही वाटत नाही. मात्र तिचे दोन्ही गुडघे आता साथ देत नाहीत, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी मला तिच्याकडे जावे लागते किंवा तिला दवाखान्यासाठी इकडे आणावे लागते. जाऊन-येऊन साधारण १८० किलोमीटर होतात आणि वाटेत आंबा घाट आहे. कॉलेज घरापासून चार किलोमीटरवर आहे. नव्या गाडीचा हप्ता झेपणारा नसल्याने जुनीच गाडी घ्यायचे मी ठरवले असून त्यासाठी चार लाखांच्या आसपास रक्कम बाजूला काढली आहे.

गाडी चालवायला मी शिकले आहे, परवाना सहा वर्षांपासून आहे आणि भावाची गाडी घाटातून दोन-चारदा नेलेली आहे. पण बोनेट उघडल्यावर कशाकडे पाहायचे, हे मला खरोखर कळत नाही. बऱ्याच शोधानंतर दोन गाड्या मनात राहिल्या आहेत.

पहिली म्हणजे २०१७ ची स्विफ्ट व्हीडीआय, डिझेल, पुण्याचे एमएच १२ पासिंग, सेकंड ओनर. मीटरवर ६८,००० किलोमीटर दिसतात. कोल्हापुरातल्या एका एजंटाकडे ती उभी आहे आणि तो ४ लाख १० हजार सांगतो. चारही टायर नवे आहेत, रंगाला चकाकी आहे आणि चालवून पाहिली तेव्हा गाडी फार जोमदार वाटली.

दुसरी २०१८ ची वॅगनआर व्हीएक्सआय, पेट्रोल, १ लिटर इंजिन, एमएच ०८ पासिंग, फर्स्ट ओनर, ४१,००० किलोमीटर चाललेली. ती चिपळूणच्या एका निवृत्त गृहस्थांची आहे. त्यांची माहिती आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यांकडून मिळाली. ते ३ लाख ३५ हजार म्हणतात. फोटोत गाडी स्वच्छ दिसते, सीट कव्हर नवीकोरी आहेत. ती मी अजून प्रत्यक्ष पाहिलेली नाही.

एजंटाचे म्हणणे असे की, घाटाला डिझेलच लागते आणि वॅगनआर चढावर दम टाकेल. सहकारी म्हणतात की, म्हाताऱ्या माणसाची गाडी डोळे झाकून घ्यावी. दोघांचेही बोलणे पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. माझ्यासारख्या माणसाने या दोन गाड्यांमधून निवड नेमकी कशाच्या आधारावर करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

गॅरेजवाला, सांगली

ताई, सांगलीत माझे गॅरेज आहे आणि बावीस वर्षे मी हेच काम करतो. आपण स्विफ्ट की वॅगनआर असे विचारले आहे, पण जुन्या गाडीच्या बाबतीत मॉडेलचा प्रश्न दुसरा येतो. ही दोन्ही मॉडेले चांगली आहेत, दोघांचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि कोणताही मिस्त्री त्यांवर काम करू शकतो. पाहायचे आहे ते या दोन विशिष्ट गाड्यांनी आजवर काय सोसले आहे ते, आणि त्यासाठी मेकॅनिक असण्याची गरज नाही.

आपल्या लिहिण्यातील दोन शब्दांवर मी थांबलो, ते म्हणजे ‘चिपळूण’ आणि ‘नवीकोरी सीट कव्हर’. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि असंख्य गाड्या बुडाल्या, हे आपल्याला आठवत असेल. त्या गृहस्थांवर माझा संशय नाही, सगळे चिपळूण काही पाण्याखाली नव्हते. पण २०१८ ची आणि चिपळूणची गाडी म्हटल्यावर ही एक गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या सांगलीत आले, तेव्हा माझ्या गॅरेजमध्ये कमरेइतके पाणी होते, आणि त्यानंतरचे कित्येक महिने मी बुडालेल्या गाड्याच खोलत होतो. वरून कितीही धुतले तरी नदीचा गाळ काही जागा सोडत नाही.

सर्वांत आधी पुढच्या सीटचा पट्टा हाताने हळूहळू ओढत शेवटपर्यंत बाहेर काढा. रोज वापरताना पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग खांबाच्या आतल्या रिळावर गुंडाळलेलाच राहतो आणि गाडी धुणारा माणूस तिथपर्यंत कधी पोहोचत नाही. गाडीत पाणी शिरले असेल, तर त्या भागावर पिवळसर-तपकिरी रेघ किंवा मातकट डाग दिसतो आणि पट्टा बोटांना किंचित कडक लागतो. चारही पट्टे असेच पाहा. मग पुढची सीट पूर्ण मागे सारून, मोबाइलची बॅटरी लावून तिच्या रुळांच्या खाचेत बघा. खाचेत वाळलेली बारीक माती, रुळांच्या बोल्टवर फुललेला गंज, दाराच्या उंबऱ्याची प्लॅस्टिकची पट्टी उचलून गालिच्याखालचा फोम दाबल्यावर लागणारा ओलसरपणा, डिकीतली स्टेपनी काढल्यावर तळाशी दिसणारी गाळाची कड, यांपैकी दोन गोष्टी जरी सापडल्या तरी किंमत कितीही कमी होवो, ती गाडी घेऊ नका. इंजिन दुरुस्त होते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेले पाणी दोन-तीन वर्षांनी डोके वर काढते आणि मग भर पावसात घाटात वायपर किंवा हेडलाइट बंद पडतात. गाडी उन्हात तासभर बंद ठेवून दार उघडल्याबरोबर पहिला वास घ्यायलाही विसरू नका.

आता स्विफ्टविषयी. ती पाहायला जाताना एजंटाला आधी फोन करू नका, किंवा केलाच तर गाडी चालू करून ठेवू नका असे स्पष्ट सांगा. गेल्या गेल्या बोनेटवर तळहात ठेवा. बोनेट गरम असेल तर परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा, कारण डिझेल इंजिनाचा खरा स्वभाव थंड असताना सेल्फ मारल्यावरच कळतो. इंजिन चालू असताना ऑइल भरायचे झाकण काढायला सांगा. थोडी वाफ येणे ठीक आहे, पण आगगाडीसारखे झटके देत धूर येत असेल आणि ऑइलचे थेंब उडत असतील, तर इंजिनाच्या आतली झीज मोठी आहे. बोनेटचे आणि पुढच्या फेंडरचे बोल्ट पाहा. पाना लागून त्यांच्यावरचा रंग उडाला असेल, तर ते भाग कधीतरी काढलेले आहेत. सगळ्या काचांवर कोपऱ्यात कंपनीची खूण आणि वर्ष असते, ते सगळीकडे जुळले पाहिजे.

आणि ६८,००० या आकड्यावर मीटरकडे बघून विश्वास ठेवू नका. मीटर मागे घेणे हे आजकाल लॅपटॉपवरचे अर्ध्या तासाचे काम आहे. क्लचच्या पेडलचे रबर, स्टीअरिंगचा हात लागणारा भाग, गिअरच्या मुठीवरचे आकडे आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड या चार जागा खरा आकडा सांगतात. त्याहून चांगले म्हणजे, कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नंबरवर आजवरच्या सर्व्हिसची नोंद असते. विकणाऱ्याला सोबत घेऊन ती पाहायला मागा. तो टाळाटाळ करू लागला, तर त्यातच उत्तर आले.

शेवटची विनंती, सोबत मिस्त्री न्या. पण तो आपला न्या, एजंटाने सुचवलेला नको. त्याला दिवसाची मजुरी आणि येण्याजाण्याचा खर्च द्या, म्हणजे सौदा झाला काय आणि मोडला काय, त्याला त्यात काही मिळायचे नसते.

साताऱ्याचा स्विफ्टवाला

माझ्याकडे २०१५ पासून हीच डिझेल स्विफ्ट आहे आणि १ लाख ४० हजार किलोमीटरनंतरही ती मला आवडते, त्यामुळे मी तिच्याच बाजूने बोलेन असे कुणालाही वाटेल. एजंटाच्या बोलण्यात तथ्य आहे हे आधी मान्य करतो. स्विफ्टचे १,२४८ सीसीचे इंजिन २,००० आरपीएमला १९० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, देते, तर वॅगनआरचे ९९८ सीसीचे इंजिन ३,५०० आरपीएमला ९०. म्हणजे चढावर स्विफ्ट तिसऱ्या गिअरमध्ये सहज जाईल तिथे वॅगनआरला दुसरा टाकावा लागेल आणि इंजिनाचा आवाज वाढेल. पण दोन माणसे आणि एक पिशवी घेऊन आंबा घाट चढायला वॅगनआर कमी पडते असे म्हणणे चुकीचे आहे. त्या घाटातून वर्षानुवर्षे ८०० सीसीच्या गाड्या चारचार माणसे घेऊन गेलेल्या आहेत.

मी आपला हिशोब मांडून पाहिला. कॉलेजचे महिन्याला दोनशेच्या आत आणि गावाचे ३६० धरले, तर वर्षाला सात हजार किलोमीटरही होत नाहीत. स्विफ्ट लिटरला २० आणि वॅगनआर १७ असे अ‍ॅव्हरेज धरू, डिझेल सुमारे ९१ रुपये आणि पेट्रोल सुमारे १०४ रुपये धरू. सात हजार किलोमीटरला स्विफ्ट ३२ हजारांचे डिझेल खाईल आणि वॅगनआर ४३ हजारांचे पेट्रोल. वर्षाची बचत ११ हजार. किमतीतला फरक ७५ हजार आहे, म्हणजे तो भरून निघायला सात वर्षे जातील, आणि २०१७ च्या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०३२ मध्ये संपते. त्या सात वर्षांत एकदा जरी इंजेक्टर किंवा टर्बोचे काम निघाले, तर वाचवलेले सगळे पैसे त्यात जातील. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बंद केल्या. सुटे भाग मिळतात, पण ते पेट्रोलच्या मानाने महागच आहेत.

त्यात डिझेलला रोजची चार किलोमीटरची फेरी मानवत नाही. इंजिन पुरते तापायच्या आत बंद होते आणि काजळी साचत राहते. माझे रोजचे जाणे-येणे ७० किलोमीटरचे आहे, म्हणून मला डिझेल परवडते. आपल्या जागी मी असतो तर पेट्रोलच घेतली असती, मग ती ही वॅगनआर असो किंवा दुसरी कोणती.

किमतीबद्दलही एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाड्यांचे विक्रेते अजून आधीच्याच हिशोबाने भाव सांगतात, तेव्हा दोन्ही ठिकाणी घासाघीस करायला जागा आहे.

वकील, नाशिक

मी मोटार अपघात दाव्यांची कामे पाहते, त्यामुळे माझा भर कागदांवर आहे. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, मात्र गाडी उत्तम निघूनही कागदांपायी माणसे अडकलेली मी पाहिली आहेत.

‘वाहन’ पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून मालकी क्रमांक, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, हे सगळे आधी पाहून घ्यावे. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, बँकेचा बोजा असेल आणि मालक ‘कर्ज केव्हाच फिटले’ असे म्हणत असतील, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. हे फार वेळा घडते. कर्ज खरोखर फिटलेले असते, पण आरटीओकडची नोंद काढायची राहून जाते. बँकेच्या अशा पत्राची मुदत साधारण तीन महिन्यांची असते, म्हणून जुने पत्र कपाटात सापडले तरी ते चालेलच असे नाही. वाहतूक पोलिसांची थकलेली ई-चलनेही त्याच वेळी पाहून घ्यावीत. दोन्ही गाड्या १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या असल्यामुळे त्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हेही विचारावे.

हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्य एकच असल्याने एमएच ०८ चा किंवा एमएच १२ चा नंबर बदलावा लागत नाही. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. एजंट पुष्कळदा कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवतात आणि गाडी आपल्या नावावर न करता परस्पर पुढे विकतात. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याची. म्हणून स्विफ्टच्या आरसीवर आज नेमके कोणाचे नाव आहे आणि ती व्यक्ती सही करायला समोर येणार आहे का, हे त्या एजंटाला विचारावे.

विम्याच्या कागदांतून गाडीचा इतिहासही वाचता येतो, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही. जुन्या पॉलिसी मागून घ्याव्यात. दावा न केल्याबद्दलची सवलत, जिला एनसीबी म्हणतात, ती पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० अशी चढत जाते आणि दावा केला की शून्यावर येते. चिपळूणच्या गाडीच्या २०२१ आणि २०२२ च्या पॉलिसी शेजारी ठेवल्या तर त्या वर्षी दावा झाला होता की नाही, हे तिथेच दिसेल. अर्थात स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करणारी माणसेही असतात, तेव्हा सीटचा पट्टा ओढून पाहणे टाळू नये. ही सवलत माणसाची असते, गाडीची नव्हे, त्यामुळे ती आपल्याला मिळणार नाही. शिवाय गाडी ताब्यात घेतल्यापासून १४ दिवसांत विमा स्वतःच्या नावावर करून घ्यावा, नाहीतर आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

मृण्मयी, पुणे

तांत्रिक बाबी सगळ्यांनी सांगितल्या आहेत, म्हणून दोनच गोष्टी लिहिते. माझ्या सासूबाईंनाही गुडघ्यांचा त्रास आहे. आमच्या आधीच्या गाडीची सीट खाली होती आणि प्रत्येक वेळी त्यांना दोघांनी धरून उठवावे लागे. त्या संकोचाने बाहेर जायचेच टाळू लागल्या होत्या. पैसे देण्याआधी आपल्या आईंना दोन्ही प्रकारच्या गाड्यांत स्वतःच्या हाताने दार उघडून बसायला आणि उतरायला सांगा. ही गाडी मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

दुसरी गोष्ट एअरबॅग आणि एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची. त्या काळच्या वॅगनआरच्या काही व्हेरियंटमध्ये या दोन्ही गोष्टी पर्यायी होत्या, आणि अशा व्हेरियंटच्या नावापुढे ‘ओ’ लिहिलेले असे. फोटोवरून ते ओळखता येत नाही. इंजिन चालू न करता नुसती किल्ली फिरवा, मीटरमध्ये एबीएसचा आणि एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. दिवा विझलाच नाही तर त्या यंत्रणेत बिघाड आहे, आणि मुळात लागलाच नाही तर ती सोय गाडीत नाही किंवा कुणीतरी दिवा काढून टाकला आहे. पावसाळ्यात ओल्या घाटात ब्रेक दाबायची वेळ येते तेव्हा एबीएस असण्या-नसण्याने पुष्कळ फरक पडतो. चिपळूणच्या गाडीत तो नसेल, तर मी म्हणेन की दोन महिने आणखी थांबा, पण असलेलीच गाडी घ्या.

ग्रंथपाल, कोल्हापूर

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार मानायला शब्द अपुरे आहेत. मधल्या बारा दिवसांत काय घडले ते सविस्तर लिहिते.

स्विफ्ट पाहायला मी न कळवता सकाळी साडेआठला गेले. बोनेट थंड होते. गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली आणि थोडा काळा धूर आला, पण तेवढ्यावरून मला काही ठरवता आले नसते. ड्रायव्हरचे दार उघडून क्लचच्या पेडलकडे वाकले, तेव्हा दाराच्या खांबावर, आतल्या बाजूला, ऑइल बदलल्यावर गॅरेजवाले लावतात तसे एक अर्धवट सोललेले स्टिकर दिसले. त्यावर निळ्या बॉलपेनने ‘पुढील सर्व्हिस १,०६,५००’ असे लिहिलेले होते. मी मीटरकडे पाहिले, तिथे ६८,२१४ होते. एजंटाला विचारले, तर ते स्टिकर दुसऱ्या गाडीचे असेल असे तो म्हणाला. दुसऱ्या गाडीचे स्टिकर या गाडीच्या खांबावर कसे येईल, याचे उत्तर त्याच्याकडे नव्हते. सर्व्हिस सेंटरला सोबत चला म्हटल्यावर त्याने आज वेळ नाही असे सांगितले आणि नंतर फोन उचलला नाही. आरसीवर पुण्याच्या ज्या गृहस्थांचे नाव होते, ते सही करायला येणार का, या प्रश्नालाही ‘फॉर्मवर सह्या घेतलेल्या आहेत’ एवढेच उत्तर मिळाले. तो विषय मी तिथेच संपवला. खरे सांगायचे तर त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटले, कारण चालवताना ती गाडी मला मनापासून आवडली होती आणि आपण विचारले नसते तर मी तीच घेतली असती.

रविवारी आमच्या गल्लीतल्या गॅरेजचे मिस्त्री बरोबर घेऊन चिपळूणला गेले. मालक ६९ वर्षांचे आहेत, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांनी गाडी चालवणे सोडले आहे. मी पट्टा ओढायला लागले तेव्हा मी काय करते आहे हे त्यांनी लगेच ओळखले, आणि त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, “पाहा, चारही पाहा, इथल्या गाडीचे ते पाहायलाच हवे.” त्यांचे घर चढावर आहे, पाणी खालच्या वळणापर्यंत आले होते आणि गाडी तेव्हा वर अंगणात होती. पट्टे शेवटच्या टोकापर्यंत स्वच्छ होते, रुळांच्या खाचेत शेंगदाण्याची टरफले सापडली पण गाळ नव्हता, स्टेपनीखालचा पत्रा कोरडा होता. विम्याचे सगळे कागद त्यांनी वर्षवार फाइलला लावून ठेवले आहेत. २०२१ च्या पॉलिसीत सवलत ३५ टक्के आहे आणि २०२२ च्या पॉलिसीत ४५. नवी सीट कव्हर का घातली हेही मी विचारले. आधीची नातवाने पेनने रंगवली होती, आणि ती त्यांनी माळ्यावरून काढून दाखवली.

किल्ली फिरवल्यावर दोन्ही दिवे लागले आणि विझले. आरसीवरही व्हीएक्सआय (ओ) असेच आहे. मला आधी मिळालेल्या माहितीत ते राहून गेले होते.

गाडी निर्दोष आहे असे मात्र नाही. उजव्या बाजूचे पुढचे दार आणि फेंडर पुन्हा रंगवलेले आहेत. फाटकाला घासल्याचे मालकांनी आम्ही विचारण्याआधीच सांगितले होते, आणि मिस्त्रींनी आतला पत्रा पाहून तेवढेच असल्याची खात्री केली. सायलेन्सरचा मागचा डबा गंजला आहे. टायरवरच्या खाचा खोल आहेत, पण बाजूला ३११८ असा आकडा आहे. म्हणजे ते २०१८ च्या एकतिसाव्या आठवड्यातले आहेत, असे मिस्त्रींनी समजावून सांगितले. कडेच्या रबराला बारीक भेगाही दिसतात. वकीलताईंनी लिहिल्याप्रमाणे आरसीवर बँकेचा बोजा अजून तसाच आहे. कर्ज २०२२ मध्ये फिटल्याचे पासबुक त्यांनी दाखवले, पण ना-हरकत पत्र नव्याने काढावे लागणार आहे.

परतताना गावी थांबले. शेजाऱ्यांकडे अशीच वॅगनआर आहे, तिच्यात आईला बसवून पाहिले. तिने दाराची कड धरली, आधी टेकली, मग एकेक पाय आत घेतला आणि म्हणाली, “इथं वाकावं लागत नाही गं.” दुसऱ्या गाडीत तिला बसवून पाहण्याची गरज उरली नव्हती.

किंमत ३ लाख १२ हजारांवर ठरली आहे. दहा हजार रुपये बँकेतून टोकन म्हणून दिले असून बोजा उतरला नाही तर ते परत करायचे, असे पावतीवर लिहून घेतले आहे. आता गॅरेजवाल्या दादांना एक विचारायचे आहे. टायरवरच्या खाचा चांगल्या आहेत, तर ते या पावसाळ्यापर्यंत चालवावेत का, आणि गाडी हाती आल्यावर सर्वांत आधी कशावर खर्च करावा?

गॅरेजवाला, सांगली

ताई, ते स्टिकर आपल्याला दिसले हे वाचून फार बरे वाटले.

टायर चालवू नका. खाच कितीही खोल असली तरी सात वर्षांचे रबर कडक झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. एबीएस असून उपयोग काय, जर रस्त्याला टेकणारी वस्तूच म्हातारी असेल? चार टायरना सोळा हजारांच्या आसपास लागतील. घेताना नव्या टायरवरही तोच चार आकडी क्रमांक बघा, कारण दुकानात दीड-दोन वर्षे पडलेले टायरही नवे म्हणून विकले जातात. जुन्यांतला त्यातल्या त्यात बरा एक स्टेपनीला ठेवा.

त्यानंतर इंजिन ऑइल आणि फिल्टर, कूलंट आणि ब्रेक ऑइल हे तीन पदार्थ, आधी केव्हा बदलले याचा विचार न करता, एकदा बदलून घ्या. त्यातही ब्रेक ऑइल सर्वांत महत्त्वाचे आहे. ते हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणात सात वर्षे राहिलेल्या गाडीत, गाडी कमी चालली असली तरी, त्यात पाणी मुरलेले असणार. घाट उतरताना ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडते. गाडी कमी वापरात होती म्हणून बॅटरी तपासून घ्या आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या एकदा बघायला सांगा, कारण आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि २०१८ ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. सायलेन्सर आवाज करू लागला की बदला, त्याची घाई नाही.

चालवण्याबद्दलही सांगतो. आईंकडे जाताना आपल्याला आंबा घाट उतरावा लागतो. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. दुसरा टाका, एक्सलरेटर सोडा आणि ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. गाडी कधीही न्यूट्रल करू नका.

ग्रंथपाल, कोल्हापूर

बँकेचे पत्र काल मिळाले आणि फॉर्म ३५ वर सही-शिक्काही झाला. शुक्रवारी मालक स्वतः मुलासोबत कोल्हापूरला येऊन २९ आणि ३० वर सह्या करणार आहेत. टायर आणि ब्रेक ऑइलचे काम शनिवारी सकाळी होईल. ते झाल्यावर दुपारनंतर निघून साखरप्याला जाईन, दुसऱ्या गिअरमध्ये.